पडण्यासाठी बांधलेली भिंत

"ही भिंत कोणी बांधली?" मी विचारलं.

"मीच!" अरुणशेठ छाती फुगवून म्हणाले. "नऊ इंची वीटकाम, वर प्लास्टर. धडका मारा मॅडम, हलणार नाही."

तेच तर दुखणं होतं. ती भिंत हलायलाच हवी होती.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. स्फोट झालाच तर माणसं वाचावीत, अशा इमारतींची डिझाइन्स करते. अरुणशेठचा सिन्नरच्या पुढे फटाक्यांचा कारखाना आहे. तिथली नवी मिक्सिंग रूम, म्हणजे फटाक्यांची दारू कालवायची खोली, माझ्या ड्रॉइंगप्रमाणे व्हायची होती. तीन भिंती आणि छत जाड काँक्रीटचं. चौथी भिंत मुद्दाम हलक्या पत्र्याची, मोकळ्या माळाकडे तोंड करून. आत भडका उडाला, तर पत्रा निघून जातो आणि सगळा जोर माळावर फुकट जातो. आम्ही तिला ब्लो-आउट वॉल म्हणतो. कुकरला जसा सेफ्टी व्हॉल्व्ह, तशी ती. शेठनी व्हॉल्व्ह बुजवला होता, आणि वर मोठ्या लाल अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'सुरक्षा हाच आमचा धर्म'.

"शेठ, आता जोर शेजारच्या खोलीत शिरेल."

"असं कसं? पक्की भिंत धोक्याची आणि पत्रा सेफ? उद्घाटनाला आमदार येणार आहेत. पत्रा बघून म्हणतील, शेठचं दिवाळं निघालं!"

शेजारच्या खोलीत बायका फटाक्यांना वाती लावत बसल्या होत्या. पेठ तालुक्याकडची हिराबाई त्यांतली म्होरकी. मला बघून ती मनापासून हसली.

"लय बरं झालं बाय, भिंत पक्की केली. पत्रा लावनार ऐकून भ्या वाटायचं."

शेठचा राग आला तो तेव्हा. मूर्खपणा त्यांचा, आणि विश्वास या बिचाऱ्यांचा.

मी बाहेर येऊन सांगितलं, "खोली सुरक्षित असल्याच्या सर्टिफिकेटवर मी सही करणार नाही."

"नका करू. नाशकात इंजिनिअरांचा दुष्काळ पडलाय का?"

खरं होतं. संध्याकाळपर्यंत कोणीतरी सही केली असती. चहा पिऊन, भिंतीकडे न बघता. शेठना प्रेशरचं गणित समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी दुसरी वाट धरली.

"बरं शेठ, तुमचंच खरं. भिंत पक्की आहे ना?"

"एकदम!"

"मग या बायकांना गेटजवळच्या तुमच्या केबिनमध्ये बसवू. तुमची केबिन इथे, मिक्सिंग रूमला लागून. एसी लावा, खुर्ची टाका. तुम्ही रोज इथे बसणार असं लिहून द्या, मी आत्ता सही करते."

शेठनी भिंतीकडे पाहिलं. मग बायकांच्या खोलीकडे. मग खिशातून मोबाइल काढून वर धरला.

"इथे नेटवर्क येत नाही, मॅडम."

"बायकांना येतं?"

शेठ रुमालाने मान पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरचा फोन आला की वीटकाम फोडायला घेतलंय आणि पत्रा किती जाडीचा आणायचा. 'सुरक्षा हाच आमचा धर्म' ट्रॉलीत भरून खड्डा बुजवायला गेलं. आमदार आले, पेढे खाल्ले, पत्र्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती खोली उडाली. जेवणाची सुट्टी होती, त्यामुळे आत कोणी नव्हतं. शेजारच्या खोलीत मात्र सगळ्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. मी पोचले तेव्हा पत्रे माळावर वाकडेतिकडे पडले होते आणि तिन्ही काँक्रीटच्या भिंती काळ्या होऊन उभ्या होत्या. हिराबाई बाहेर दगडावर बसली होती. मांडीवर भाकरी तशीच.

"कानात नुसतं घुमतंय बाय," ती म्हणाली. "पन समद्या हाव आम्ही."

मी तिच्याजवळ बसले.

तिकडे अरुणशेठ तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना खोली दाखवत होते. "आयडिया माझीच," ते सांगत होते. "मॅडमना मीच म्हटलं, भिंत हलकी ठेवा."

घेऊ देत श्रेय. मी तेव्हापासून क्लायंटला गणित सांगत नाही. भिंत किती पक्की आहे हे बघायला मशीन लागत नाही. तिच्याआड मालकाची खुर्ची ठेवायची आणि मालक बसतो का, ते बघायचं.