पोपटाच्या रंगातलं तांबं

भूतखेत, नवससायास, अंगारे-धुपारे... या गोष्टींचं मला कायम हसूच येत आलंय. केमिस्ट्री शिकलेला माणूस मी. डोळ्यांना दिसेल तेच खरं! म्हणून हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण घडलं ते असं.

निजामाचा अंमल होता. जुन्या भित्तिचित्रांत कोणते रंग वापरलेत ते तपासायला मला बीड जिल्ह्यात, धारूरला धाडलं होतं. किल्ल्यापलीकडे डोंगरउतारावर एक लहानसं लेणं. आतली बरीचशी चित्रं धुरानं काळवंडलेली, पण एका बाईच्या मनगटावरचा पोपट तेवढा शाबूत. माझ्याजवळ वीतभर लांबीचा पितळी स्पेक्ट्रोस्कोप होता. रंगाचा कण आम्लात भिजवून प्लॅटिनमच्या तारेवर घ्यायचा, स्पिरिटच्या दिव्यात धरायचा आणि ज्योतीकडे त्या नळीतून बघायचं. ज्या धातूचा रंग, त्याच्या ठरलेल्या रेघा दिसतात. तिथं लबाडी चालत नाही.

पोपट हिरव्या मातीनं रंगवला असेल असं मला वाटलं होतं. निघालं तांबं! हिरव्या पट्ट्या अगदी ठसठशीत. धारूरातल्या बिऱ्हाडी परतल्यावर बायकोला, काशीला, मी फुशारकीनं सांगितलं, "तो पोपट म्हणजे निव्वळ जहर आहे."

आमची सगुणा चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ऐकू सगळं यायचं, हसायची गोड, पण "आई" म्हणून हाक नाही. आणि त्या गावची रीत अशी, की अशा लेकराच्या आईनं पोपटाचा रंग नखानं खरवडायचा, लेकरासाठी वाचा मागायची आणि तो रंग दुधातून पाजायचा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगतील कशाला!

दुसऱ्या दिवशी लेण्यात पोचलो तर काशी आधीच तिथं. कडेवर सगुणा, नखात हिरवा रंग, हातात वाटी... आणि पोरीच्या ओठांवर दूध.

"अगं, काय केलंस हे! जहर आहे म्हणून सांगितलं ना तुला?"

"ऐकलंय म्या. समद्या बाया पाजतेत. कुणाचं लेकरू दगावलं का?"

"तुला अक्कल आहे का?"

"वरडू नगा वो, लेकरू भ्यायलंय."

पोरीला ओकवायला गेलो, तर तिनं दात घट्ट मिटले. वाटीत घोटभर दूध उरलं होतं, तळाशी हिरवट कण. ते कण आम्लात भिजवून तारेवर घेतले, दिवा पेटवला. नळीत पाहिलं — दुधातल्या मिठाची पिवळी रेघ, चुन्याची नारिंगी, बस्! तांबं नाही. पुन्हा पाहिलं. नाही!

मग काशीच्या नखाचा ताजा ओरखडा होता, तिथलाच रंग चाकूनं काढला. हिरव्या पट्ट्या! तो रंग त्याच दुधात कालवून पाहिला, तरी हिरव्या पट्ट्या! दिवा तोच, तार तीच, जागा तीच.

दिवसभर मी पोरीजवळून हललो नाही. ती भाकरी खाऊन मजेत खेळत होती.

पुढे कितीतरी जाणत्यांना विचारलं. एक म्हणाले, तार मळकी असेल. दुसरे म्हणाले, तुम्ही घाबरला होता. अहो, घाबरलेल्याला नसलेलं दिसेल... असलेलं दिसेनासं कसं होईल? आजही मला याचा उलगडा झालेला नाही. सगुणा आता बाईमाणूस झाली. अजून बोलत नाही.

त्या संध्याकाळी मात्र चुलीपुढं मी काशीला विचारलं होतं, "खरवडताना काय मागितलंस?"

तिनं हातातलं पीठ तसंच परातीत टाकलं.

"तुमचं ते जहर मनात बसलं व्हतं... 'माज्या लेकराला बाधू नगंस,' एवढंच मनले म्या. एका लेकराला येकदाच मागता येतं, अन् वाचा मागायची राहूनच गेली की वो!"

आणि ती अशी रडायला लागली, की तिला गप करायला सगुणाच उठली.