सत्कारमूर्ती

आठ मार्च जवळ आला की आजही माझं डोकं फिरतं. सहा-सात वर्षं त्या दिवशी सकाळी आमच्या दारात गाडी यायची आणि माझ्या नणंदेला डोणगावच्या मंगल कार्यालयात घेऊन जायची. तिथं महिला दिन असायचा. तिला स्टेजवर बसवायचे, खांद्यावर शाल, हातात नारळ. निवेदिका मायकात सांगायची की या आपल्या रणरागिणी, मृत्यूला हरवून आलेल्या. मग फोटो. फोटोवाला हमखास म्हणायचा, ताई, पदर जरा मागं घ्या. कशाला रे बाबा? जळलेलं नीट दिसावं म्हणून, दुसरं काय!

नणंदेला मी बाईच म्हणते. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. तिच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा तिच्या सासूनं आणि नवऱ्यानं मिळून तिच्या अंगावर रॉकेल ओतून पेटवून दिलं. अर्धा चेहरा, मान आणि डावा कान गेला, डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली. केस झाली, साक्षीदार फिरले, दोघंही सुटले. त्यानं पुन्हा लग्न केलं, गावात मानानं फिरतो मेला. बाई माहेरी आली ती कायमची.

मी या घरात लग्न करून आले तेव्हा ती चुलीपुढं बसून भाकरी करत होती. मला धसकाच बसला. हिला विस्तवाची भीती कशी वाटत नाही? पुढं ओळख मुरल्यावर एकदा विचारलंच. ती म्हणाली, "विस्तवानं काय केलं वं मले? मानसानं केलं."

तिच्या हाताला चव आहे. साधं वरण फोडणीला टाकलं तरी शेजारीण वाटी घेऊन हजर. परात डाव्या मनगटानं दाबून धरते आणि एका हातानं कणीक मळते. माझ्या आधी उरकते, वरून माझ्या वाकड्या भाकरीवरून मला चिडवते. माझी लेकरं तिच्याच मांडीवर वाढली. तिला स्वतःचं झालं नाही. ती कधी बोलत नाही, पण मला काय कळत नाही?

तर गावातल्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणारी म्हातारी थकून घरी बसली आणि जागा रिकामी झाली. इतक्या वर्षांत बाईनं आमच्याकडं साधं पातळसुद्धा मागितलं नव्हतं. ते काम मात्र तिला पाहिजे होतं. उठता-बसता तेच. कितीक लेकरं असतील गं, तिखट किती चालत असेल त्यांना, मटकी आदल्या दिवशी भिजवू देतील का. मला तिचं हसू येई आणि जीवही तुटे.

त्या वर्षीच्या सत्काराला मी सोबत गेले होते. निवेदिकेनं तिच्यापुढं माईक धरला आणि विचारलं, ताई, तुमची काही इच्छा? बाईनं पदर सावरला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मले आमच्या शाळेत खिचडी शिजवाचं काम द्या."

मग निवेदिका म्हणाली, किती साधी ही इच्छा, यासाठी जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत! आणि झाल्या की. अख्खं कार्यालय वाजवत होतं. शाल टाकणारी आमच्या गावची सरपंचबाई तर उभी राहून वाजवत होती. लगेच आभार झाले आणि लोक मसालेभाताच्या रांगेला लागले.

हीच सरपंचबाई शाळेच्या समितीतही बसते. काम कोणाला द्यायचं ते ठरणार होतं त्या बैठकीच्या दिवशी मी बाईला घेऊन शाळेत गेले. गुरुजी आमच्याकडं न बघता म्हणाले, लहान लेकरं घाबरतात हो. दुसरा एक सदस्य म्हणाला, तिथं गॅस आहे, पुन्हा काही झालं तर जबाबदारी कोणाची? पुन्हा म्हणे! जसं काही पहिल्या वेळी हिच्याच हातून झालं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सरपंचबाईला म्हटलं, आठवडा नाही झाला तुम्ही हिच्या खांद्यावर शाल टाकून, आता बोला ना काही. ती अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाली, "सत्कार येगळा अन् सयपाक येगळा. तुमी समजून घ्या."

काम दुसरीला मिळालं. घरी येईपर्यंत मी एकेकाचा उद्धार करत होते. त्या दिवशी बाईनं सगळ्यांना रांधून वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

पुढच्या वर्षी सरपंचबाई आमंत्रण द्यायला आली तेव्हा बाई भांडी घासत होती. तिनं मान वर न करता विचारलं, कार्यक्रमाला जेवण आहे ना, कोण शिजवतं? आचारी आहेत, सरपंचबाई म्हणाली.

"मंग मले त्याच्या हाताखाली न्या. स्टेजवर नोका बसवू."

सरपंचबाई हसली. असं कसं, तुम्ही तर आमच्या पाहुण्या, म्हणाली. बाईनं पुढचं पातेलं घासायला घेतलं. त्या वर्षी गाडी आलीच नाही. मला मनातून आनंदच झाला. बरी जिरली, म्हटलं, आता कसा कार्यक्रम करतात बघू.

छान केला त्यांनी. दुपारनंतर मोबाइलवर फोटो आले. स्टेजवर दुसरीच बसली होती, मेहकरकडच्या कुठल्याशा गावची, विशीतली पोरगी. हनुवटीपासून गळा सगळा जळलेला. तीच शाल, तोच नारळ, पदर मागं. मला भडभडून आलं. एक नाही म्हणाली तर आठ दिवसांत यांना दुसरी सापडली. न सापडायला काय, आमच्याकडं अशा पोरींची वानवा थोडीच आहे!

मी मोबाइल पालथा घालणार होते, तोवर बाईनं मागून पाहिलंच. तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि फोटो मोठा केला. मला वाटलं, पोरीचा गळा बघत असेल. ती नारळाखालचे हात बघत होती.

"हात वाचले पोरीचे," ती म्हणाली. "इले तरी सयपाकाले ठेवा म्हना."