विंगेतला स्टूल

आमच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टरने बसायचं नाही, असा रिवाज होता. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की आमचे खेळ लागत. रात्री दहाला पडदा उघडला की पहाटेच पडायचा. तेवढा वेळ मनिराम विंगेत, पिवळ्या बल्बखाली, हातात वही धरून उभा असे. अशी एकतीस वर्षं. मी राजा झालो, दरोडेखोर झालो, कीर्तनकार झालो. टाळ्या मला मिळाल्या. शब्द त्याचे.

मनिराम गोंदियाजवळच्या कामठ्याचा. थोडी धानाची शेती, बायको सावित्रीबाई. हंगाम नसला की घरी असे. एकदा जेवायला गेलो तेव्हा सावित्रीबाई म्हणाल्या, "रात्री झोपत नाही हा मानूस, दादा. पायाले गोळा येते. उठते, भितीले टेकते, अन् दात खाते."

"मंडईची थंडी भरली हाय पायात," मनिराम म्हणाला.

कंपनीत सगळे हेच सांगत. मीही सांगत होतो. शिवाय गुडघ्याखाली लुगड्याची चिंधी घट्ट आवळ, हा सल्ला माझाच. त्याने तो वर्षानुवर्षं पाळला. त्याच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा वेलीसारख्या चढल्या होत्या, घोट्याजवळची कातडी काळी पडली होती. तरी कोणी त्याचा संबंध गोळ्यांशी लावला नाही.

शेवटी मीच त्याला गोंदियाला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आधी ती चिंधी सोडायला लावली.

"ये किसने बताया?"

मी छताकडे बघितलं.

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. मनिरामने विचारलं, "शिरांनंच गोळे येते का, साहेब?"

"येऊ शकतात. सगळ्यांना येतात असं नाही, आणि गोळ्यांना दुसरी कारणंही असतात. पण तुमचं रक्त ठीक आहे. शिरांतलं रक्त वर चढत नाही, खाली साचतं. मला तेच कारण वाटतं." त्यांनी दाबाचे मोजे लिहून दिले, पुढे शिरांवर उपचार करू म्हणाले. "और खड़े रहना बंद."

बाहेर येऊन मनिराम पायरीवर बसला. "उभं राहनं बंद म्हंजे मी बंद, दादा."

मी कंपनीचे मालक रामलाल यांना स्टुलाबद्दल विचारलं. ते हसले. "बसाचं असन तं घरीच बस म्हना ना गा. बसल्यावर आवाज पोटात राह्यते." मी हट्ट धरला. एक खेळ बघू, असं ठरलं.

तो खेळ गोंदियाकडच्याच प्रतापगडजवळच्या एका गावात होता. मनिराम विंगेत स्टुलावर बसला, मोजे घातलेले पाय खोक्यावर. तिसऱ्या अंकात मला मुलाच्या प्रेताशी बोलायचं होतं. पहिलं वाक्य बोललो आणि पुढचं आठवेना.

मनिरामने वाक्य दिलं. परत दिलं. मला दोन्ही वेळा स्वच्छ ऐकू आलं. पण ते तोंडात धरवेना. मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि हे पहिल्यांदाच होत नव्हतं. मंडपात कोणीतरी शिट्टी मारली, मग हशा उठला. प्रेत झालेला टिंकूही हसला.

पडदा पाडून रामलाल आत आले. "आवाज काऊन नाही आला?"

मनिरामने माझ्याकडे बघितलं. मी टोप काढत होतो.

"ऐकू नाही आलं," मी म्हणालो.

मनिरामने वही मिटून स्टुलावर ठेवली. पहाटेच्या पहिल्या एसटीने तो कामठ्याला गेला. पुढच्या हंगामात मलाही कोणी बोलावलं नाही.

परवा, सहा वर्षांनी, मी त्याच्याकडे गेलो. तो ओसरीवर बसला होता, पाय उशीवर. उपचार केव्हाच झाले होते. गोळे आता क्वचित येतात म्हणाला. सावित्रीबाईंनी चहा आणला. कप हातात घेऊन मी त्याला सगळं सांगितलं. तुझा आवाज आला होता, दोन्ही वेळा.

त्याने अंगणात वाळत घातलेल्या धानाकडे बघितलं.

"मले वाटे बसल्यानंच गेला आवाज," तो म्हणाला. "घरी उभा राहून बोलून पाह्यचो. हिले परसात उभं करो, आयकू येते का पुसो. दोन वर्सं."

सावित्रीबाई आत निघून गेल्या.

"कोनतं वाक्य होतं ते?" त्याने विचारलं.

त्याला ते माहीत होतं. सगळंच नाटक पाठ होतं त्याला. मी कप खाली ठेवला आणि सुरुवात केली. पहिलं वाक्य झालं. पुढे थांबलो. सवयीने मान उजवीकडे वळली, जिथे तो असायचा.

मनिराम माझ्याकडेच बघत होता. त्याचे ओठ मिटलेले होते.