हौदावरचा हसऱ्या

कारखान्यात त्याला सगळे हसऱ्या म्हणत. लोखंडी पाइपांवर जस्ताचा मुलामा चढवायचा तो कारखाना. मुलाम्याआधी गंज काढायला पाइप आम्लाच्या हौदात बुडवावे लागत, आणि हसऱ्याची जागा त्या हौदाच्या काठावर. गंज विरघळताना हौद फसफसायचा, वर धुकं तरंगायचं. तोंडाला बांधायला फडकं मिळे. पण फडकं बांधून गप्पा कशा मारणार? दिवसभर याची टकळी चालू, आणि आपल्याच विनोदावर सगळ्यांच्या आधी हाच खो खो हसणार.

गार पाणी दातांना झोंबू लागलं, तिकडे त्याने काणाडोळा केला. एकदा जेवताना बायको म्हणाली, "अहो, तुमचे पुढचे दात आखूड दिसतायत."

"वय झालं गं. झिजणारच."

"मग मागचे कसे शाबूत?"

तिनेच त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. बाईंनी कामाची चौकशी केली आणि म्हणाल्या, "आम्ल किती जहाल ते पीएचवरून कळतं. शुद्ध पाण्याचा पीएच सात. तिथून एकेक आकडा खाली उतरलं की जहालपणा दसपट वाढतो. साडेपाचच्या आसपासच दातांचं कवच विरघळायला लागतं. तुमचा हौद तर एकच्याही खाली असेल. त्याचं धुकं उघड्या दातांवर बसतं. ओठांआडचे वाचतात."

"म्हणजे मी गप्प राहिलो असतो तर..."

"बरेच वाचले असते."



दुसऱ्या दिवशी त्याने धूर ओढणारा पंखा मागितला. "बघू," मॅनेजर म्हणाला. आठवड्याभरात त्याची फाटकावर बदली झाली आणि हौदावर त्याच्याच मेव्हण्याला नेमलं. त्याला याच कारखान्यात चिकटवलं होतं हसऱ्यानेच.

"नको जाऊस तिथे," हसऱ्याने हात जोडले.

"दाजी, पगार जास्त आहे. आणि मी काय तुमच्यासारखा बडबड्या आहे?"

"श्वास तर घेशील ना?"

मेव्हणा गेलाच. पंखा काही आला नाही. हसऱ्याच्या दातांचे खुंट काढून कवळी बसवली. ती बोलताना सुटते, म्हणून तो मानेनेच हो-नाही करतो. बायकोचा भाऊ हल्ली सारखा खोकतो. ती नवऱ्याला त्याबद्दल काही बोलत नाही. ताट वाढते आणि आत निघून जाते.