दुसऱ्याच गाडीवर फुटलेला नारळ

शहरात ट्रक घुसला की माणसं शिव्या घालतात. मीही घालते. तरी भरलेला ट्रक गिअर बदलताना जो कण्हतो, तो आवाज कानावर पडला की हातातलं काम थांबतं आणि मी धुळ्यातल्या आमच्या गल्लीत जाऊन पोचते.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. जळगावकडची केळी दिल्लीला पोचवणाऱ्या एका शेठच्या ट्रकवर ते ड्रायव्हर होते. पारोळ्यावरून आलेल्या ट्रकांनी गावात न शिरता बाहेरूनच आग्रा रोडला लागायचं, असा तेव्हाही नियम होता. पण नानांची गाडी आधी आमच्या गल्लीत यायची. माय दारात ताट घेऊन उभी असायची. बॉनेटला हळदकुंकू, चाकाशी नारळ आणि मग खिडकीतून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा डबा. नाना खाली उतरायचे नाहीत. भरलेली गाडी ड्रायव्हरने सोडायची नाही, हा त्यांचा बाणा. चौकातला हवालदार पावती फाडायचा, तेव्हा ते हसून म्हणायचे, "देवले नारळ, हवालदारले दंड."

मायला मात्र यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. एकदा घाईत गाडी गल्लीत न येता परस्पर गेली होती आणि सेंधव्याच्या घाटात कलंडली. नानांचा हात मोडला, तेवढ्यावर निभावलं. तेव्हापासून तिच्या मनानं पक्कं घेतलं होतं की तिच्या हातचं कुंकू न लागलेली गाडी धड परत येत नाही.

मग दंड वाढला. थोडाथोडका नाही, फेरीतून सुटणारं सगळं गिळून टाकेल इतका. शेठनं सांगून टाकलं की यापुढे दंड नानांच्या पगारातून जाईल. खरं सांगते, दंड वाढला ते बरंच झालं. आमच्या गाडीनं गटारीवरच्या फरश्या फोडल्या होत्या, शेजारच्या अक्कांच्या भिंतीला तडा गेला होता आणि हॉर्न ऐकला की बाया पोरांना ओढून घरात न्यायच्या. हे मला तेव्हाही दिसत होतं. मायनं मात्र दंड वाढवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"आते गल्लीमा गाडी बंद," नाना म्हणाले.

"मंग मीच येस नाक्यावर," माय म्हणाली.

ऐन उन्हाळ्यातली दुपार होती. माय ताट घेऊन पुढे, मी डबा घेऊन मागे. एरवी बाजारापलीकडे एकटी न जाणारी बाई अशी झपाझप चालली होती, की मीच मागे पडले. गावाबाहेर आग्रा रोडच्या नाक्यावर केळीच्या गाड्यांची रांग लागली होती. सगळ्यांची तोंडं भगवी, सगळ्यांवर केळीची वाळलेली पानं, सगळ्यांना लिंबू-मिरची. गल्लीत एकच ट्रक यायचा, त्यामुळे तो ओळखायची वेळ मायवर कधी आलीच नव्हती. तिला नंबर वाचता येत नव्हता. मी पोचेपर्यंत तिनं पहिल्याच गाडीला होतं नव्हतं ते हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. वरून कोणी दाढीवाला उत्तरेकडचा ड्रायव्हर उतरला, चक्रावला आणि "माताजी" म्हणत तिच्या पाया पडला. मग त्यानं आशेनं माझ्याकडे पाहिलं. डबा मी घट्ट धरून ठेवला.

मागच्या गाडीतून नाना सगळं बघत होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सगळा नाका हसत होता. माय तेवढी हसली नाही. तिनं कुंकवाचा करंडा उपडा केला, कडांवरून बोट फिरवलं. काही उरलं नव्हतं.

"जाऊ दे वं," नाना खिडकीतून म्हणाले. "ऊन शे. केळी पिकी जातीन."

माय नानांच्या गाडीसमोर गेली. पदर मागे सारला आणि आपलं कपाळ बॉनेटच्या पत्र्यावर टेकवलं. उन्हानं आणि इंजिनानं तापलेला पत्रा तो! मी ओरडले. तिनं कपाळ उचललं, तेव्हा तिचं कुंकू पत्र्यावर अर्धवट उमटलं होतं.

"आते जा," ती म्हणाली.

नानांचं हसणं थांबलं. त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला आणि गाडी काढली. मायच्या कपाळावर लाल चट्टा उठला. कोणी विचारलं तर ती सांगायची, फोडणी उडाली. मला तिचा राग आला होता आणि रडूही येत होतं.

पुढच्या फेरीच्या दिवशी भर दुपारी दार वाजलं. दारात नाना. पायी आलेले, घामानं निथळत.

"गाडी कोठे शे?" मायनं गल्लीत डोकावून विचारलं.

"नाक्यावर. क्लीनर बठेल शे."

भरलेली गाडी नाना आयुष्यात पहिल्यांदा सोडून आले होते. त्यांनी टोपी काढली आणि मान खाली वाकवली.

"गाडीले नको," ते म्हणाले. "माले लाव."

मायनं कुंकवात बोट बुडवून त्यांच्या कपाळाला लावलं. टिळा वाकडाच लागला.