निरोगी रांगेतली नळी

मी वर्ध्याच्या एका दवाखान्यात रक्त काढते. सुईपेक्षा माझी जीभ जास्त टोचते, असं घरचे म्हणतात. खोटं नाही ते.

त्या वर्षी आमच्याकडे हार्ट अटॅकचा अभ्यास चालू होता. एका प्रकारात रक्तवाहिनी पुरती बंद होते आणि ईसीजीत लगेच दिसतं. दुसऱ्यात ती अर्धवट तुंबते आणि ईसीजी फसवतो. रक्तातली साखर, चरबी, लॅक्टेट नावाचं आम्ल बघून हे प्रकार ओळखता येतात का, ते शोधायचं होतं. तुलनेला धडधाकट माणसांचंही रक्त लागे. ते मी पेशंटच्या नातेवाइकांचं काढत असे.

आर्वीकडचा एकजण अटॅक येऊन भरती झाला होता. त्याचा धाकटा भाऊ बाकावर बसून सुईकडे भेदरून बघत होता. मला त्या दिवशीचे नमुने पुरे करायचे होते.

"घाबरता काय भाऊ," मी म्हटलं, "हे फक्त निरोगी माणसांचंच घेतो आम्ही. ऐऱ्यागैऱ्याचं नाही."

गडी फुलला. संमतीच्या कागदावर मी सही घेतली, कागद वाचून दाखवला नाही.

"रिपोर्ट कधी भेटन, ताई?"

"याचा रिपोर्ट नसतो," एवढंच बोलले. नळीवर नाव नाही, नंबर टाकला आणि फ्रीजरमध्ये निरोग्यांच्या रांगेत ठेवली. सगळे नमुने जमल्यावर एकदमच तपासायचे होते.

काही महिन्यांनी बरा झालेला थोरला भाऊ धाकट्याला घेऊन आला. धाकटा घामानं निथळत होता.

"कालपासून छाती दुखून राह्यली याची," थोरला म्हणाला. "मी म्हनलो, चाल दवाखान्यात. तर म्हने, मले कायले अटॅक येते? माह्यं रक्त निरोगी लोकाईत ठेवलं हाय, मॅडमनं सांगतलं. ओवा खात बसला दिवसभर."

ईसीजीत लगेच दिसलं, वाहिनी पुरती बंद होती. डॉक्टर उपचाराला लागले, पण त्यांचा आनंद लपेना. एकाच माणसाचं अटॅकच्या आधीचं आणि नंतरचं रक्त! "नमुना आधी घ्या," ते म्हणाले.

मी त्याच हाताची तीच शीर शोधली. त्यानं डोळे उघडले.

"ताई, आता चालन काय माह्यं रक्त?"

मी नळी भरून घेतली. दुपारी तो गेला.

थोरला प्रयोगशाळेच्या दारात आला. "तुमी त घेतलं होतं याचं रक्त. तवा काय निंघालं होतं?"

ती नळी अजून उघडलीही नव्हती.

"चांगलं होतं," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. "म्हंजे खोटं नव्हता बोलत तो. मी उगाच शिव्या देल्या त्याले रस्ताभर."