उत्स्फूर्त प्रश्नांची यादी

कॉलेजात मुलं प्राध्यापकांना उत्तरं देतात आणि क्लार्कला प्रश्न विचारतात. त्यामुळे किस्से साठतात ते क्लार्ककडे. नाशिकच्या एका कृषी महाविद्यालयाच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं खिडकीमागे बसलो. पण तीस वर्षांत साठले नाहीत तेवढे किस्से शेवटच्या एका वर्षात जमले. कारण शेवाळे मॅडम.

मॅडम तरुण, नोकरी कंत्राटी. त्यांनी प्राचार्यांकडे 'प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग'ची परवानगी मागितली. म्हणजे मॅडम शिकवणार नाहीत. एक अडचण देतील, ती मुलांनी गटागटानं सोडवायची. प्राचार्य म्हणाले, "वर्षभर करा. शेवटी कमिटी येईल. तिला पटलं तर पुढच्या वर्षाची ऑर्डर, नाही तर नमस्कार!"

*

पहिली अडचण: पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये एकाच कोपऱ्यातली द्राक्षं सडतात. का? मॅडमनी फळ्यावर दोन रकाने आखले, 'काय माहीत आहे' आणि 'काय माहीत नाही'.

पंधरा मिनिटं वर्ग पेन उघडून वाट बघत बसला. मग एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, उत्तर कितव्या पानावर आहे?"

"मलाही माहीत नाही. लिही दुसऱ्या रकान्यात."

तिनं खरंच लिहिलं: 'पान नंबर.' जाता-येता मी ते वाचायचो. मला प्रश्न रास्त वाटला. मी बी.ए. असाच झालो!

*

आठवड्याभरात गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्या सोनवण्यांनी उत्तर विकायला काढलं. दोन पानं, स्टेपल केलेली. मॅडमनीही एक प्रत घेतली आणि वर्गात म्हणाल्या, "यातल्या चुका शोधा." मुलांनी अकरा शोधल्या.

दुसऱ्या दिवशी सोनवणे माझ्या खिडकीत. "भाऊसाहेब, खरं उत्तर तरी द्या. पोरं माल परत आणतायत!"

"ते मॅडमनाही माहीत नाही."

सोनवणे विचारात पडले. "मग त्यांना ठेवलंय कशाला?"

*

शेवटी मुलं पिंपळगावला गेली. मालक, मॅनेजर, मशीनवाला, तिघांनी तीन कारणं सांगितली. निघता निघता एकीनं क्रेट लावणाऱ्या हिराबाईंना विचारलं.

"त्यात काय हाय? फोनची रेंज फक्त त्या कोपऱ्यातल्या दारात येती. मॅनेजर दार उघडं टाकून बोलत ऱ्हातो. गरम हवा आत येती, दुसरं काय!"

"मग तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"मला कोन इचारतंय!"

तीच मुलगी रिपोर्ट घेऊन ऑफिसात आली. 'सडण्याचे कारण: मॅनेजर.' मी सुचवलं, 'मॅनेजरचा फोन' असं लिहा, बरं दिसेल.

"सर, फोन स्वतः दार उघडतो का?"

मी रिपोर्टवर आवक नंबर टाकला.

*

मग निफाडकडचे एक बागाईतदार आले. चांगलेच तापलेले. "सायेब, त्या मॅडमनी पोरगं बिघडवलं! फवारनीला निंघालो तर इचारतंय, आप्पा, हे औशध कशाला? म्हनलं, दरसाल मारतो म्हनून. तर म्हनतो, पयल्या साली कशाला मारलं व्हतं?"

"मग?"

"मंग काय! मला बी आठवंना!"

लेखी तक्रार आली असती तर कमिटीपर्यंत जायची गरजच नव्हती, मॅडम त्याच दिवशी घरी. पण नियम तो नियम. मी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. अर्धा तास बाकावर बसून त्यांनी कागद कोराच परत दिला.

"ऱ्हाऊ द्या. त्या मॅडमला इचारा, पयल्या साली कशाला मारलं आसंल?"

*

कमिटीचा दिवस ठरला आणि प्राचार्यांना घाम फुटला. मला बोलावून म्हणाले, "मुलं कोणते प्रश्न उत्स्फूर्तपणे विचारणार, त्याची यादी टाइप करा. नावासकट." मी केली. दोनदा तालीमही झाली.

कमिटीत तिघं. मी मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा. सहा उत्स्फूर्त प्रश्न यादीप्रमाणे झाले. अध्यक्ष खूश. मग प्रियांका नावाची मुलगी उभी राहिली.

"सर, यादीत माझा सातवा प्रश्न आहे. तो विचारू, की मला पडलाय तो विचारू?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाटल्या मोजू लागलो.

"पडलाय तो विचार," अध्यक्ष म्हणाले.

"मॅडम पुढच्या वर्षी असणार का, हे कोण ठरवतं?"

अध्यक्ष म्हणाले, "तो कॉलेजचा अधिकार." प्राचार्य म्हणाले, "छे, छे, आम्ही कमिटीवर सोडलंय." आणि चहाची सुट्टी झाली.

मी खिडकीत परतलो तर प्रियांका आधीच तिथं हजर.

"सर, मॅडमच्या ऑर्डरवर सही कुणाची लागते?"

"प्राचार्यांची."

"कमिटीची?"

फाईल काढून पाहिली. "नाही."

"कागद कोण टाइप करतं?"

"मी."

"मग सर, तुम्ही कुणासाठी थांबलाय?"

एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. मी कॉम्प्युटरकडे वळलो.

चहाबरोबरच ऑर्डर आत नेली आणि प्राचार्यांपुढे ठेवली. समोर कमिटी. अध्यक्ष मान तिरकी करून कागद वाचू लागले. "अरे वा! लगेच?" प्राचार्य हसले. पेन काढलं. सही केली.

मग कागद परत देताना माझ्या कानाशी दात-ओठ खाऊन म्हणाले, "हे टाइप करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "चांगला प्रश्न आहे, सर. यादीत कितवा टाकू?"